पाय गार, तर नस आळशी

थंडीच्या सकाळी मोजे चढवताना मला अजून त्या अक्का आठवतात. हुबळीच्या एका दवाखान्यात त्या पायांच्या नसांची तपासणी करायच्या. धडधाकट तरुणांच्या नसांचा नॉर्मल वेग किती, हे तिथे ठरवायचं होतं. म्हणून सप्तापूरच्या आमच्या भाड्याच्या खोल्यांतली, शिकणारी पोरं मी आळीपाळीनं तिकडे नेत असे. अक्का प्रत्येक वेळी तपासणीतला विजेचा हलका शॉक आधी स्वतःच्या मनगटाला लावून घ्यायच्या. "मुंगी चावल्यागत आहे. भिऊ नको, तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ; सगळ्याच पोरांना त्या तसं म्हणायच्या.

माझी पाळी आली तेव्हा मीच भ्यालो. आमचे अप्पा हमाल, आणि त्यांचे पाय कधीचे बधिर झालेले. घरात पहिला मी पदवी घेतलेला, त्याचा मला तोरा होता. पण पाय अप्पांचेच निघाले तर?

"वेग कमी येतोय," अक्का म्हणाल्या.

"अप्पांचं माझ्यातपण आलं का, अक्का?"

त्यांनी माझी पावलं चाचपली. "बर्फ आहेत की रे! सकाळच्या बसनं नुसत्या चपलांवर आलास ना? पाय गार, तर नसपण आळशी. सुम्ने, गप बस जरा."

गरम टॉवेल गुंडाळून त्यांनी माझे पाय दोन्ही हातांत धरून ठेवले. थोरल्या बाईनं पायांना हात लावला म्हणून मी अवघडलो, पण त्यांनी सोडलं नाही. मग पुन्हा मशीन लावलं.

"नॉर्मल! घोड्यागत पळतीय."

मी त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार करायला वाकलो, तशा त्या झटक्यात मागं सरल्या.

"लांबूनच कर रे. तुझे हातपण गारच असतील!"