खंडेनवमीचं पिस्तूल

झुरळालाही वर्तमानपत्रावर घेऊन दाराबाहेर सोडणाऱ्या माणसानं घरात पिस्तूल का ठेवावं, सांगाल? आमच्या नेपरव्हिलच्या काकांइतका निरुपद्रवी शस्त्रधारी अख्ख्या अमेरिकेत नसेल. ऐंशीच्या दशकात मी शिकागोत शिकत होतो, बंदुकांविरुद्ध पत्रकं वाटत होतो आणि रविवारी ट्रेननं काकूंच्या हातचं जेवायला त्यांच्याकडे जात होतो. माझं पत्रक काकांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "मुद्दा करेक्ट आहे रे, पण तिसरं वाक्य अडकतंय."

अडकणं हा काकांचा एकमेव शत्रू. बिजागरी, ड्रॉवर, कुकरची शिट्टी, जे अडकेल त्यावर त्यांची कानस चाले. कुकर तर इतका घासला, की तो शिट्टीऐवजी सुस्कारे टाकू लागला. पण खरा जीव तळघरातल्या जुन्या लष्करी पिस्तुलात. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप वर यायला हवी. ती मधेच अडकायची. मग काका गोळी सरकण्याचा उतार पॉलिश करत, स्प्रिंग बदलत, कान लावून खटका ऐकत. गोळ्या नेमबाजीच्या क्लबातल्या कपाटात. घरी नुसती मशागत. शेवटी काकू वैतागल्या. "यंदा मॅचमध्ये हे अडकलं ना, तर विकून टाकायचं. प्रॉमिस करा!" काकांनी केलं.

मॅचच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. काकूंनी स्वतःच पिस्तूल वर आणलं, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. "शस्त्र आहे ना? मग पूजा नको? जिंकून या." काकांनी नंतर कुंकू हळुवार पुसलं.

मॅचला मीही गेलो. दोन गोळ्या सुटल्या, तिसरी अडकली. काकांनी पिस्तूल रिकामं करून आत पाहिलं आणि चिमटीत धरून बाहेर काढला कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा.

"काका, ही तर काकूंची अक्षत! सांगा त्यांना. प्रॉमिस कॅन्सल!"

"गप रे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओवाळलं तिनं त्याला."

घरी येऊन एवढंच म्हणाले, "अडकलं." आणि विकलं.

घरातून एक शस्त्र गेलं. माझ्या पत्रकाला आणखी काय हवं होतं? पण तेव्हापासून त्या घरातलं दार करकरतं. काकू म्हणतात, "अहो, बघा ना जरा." काका म्हणतात, "राहू दे."

नेपरव्हिलला कधी गेलात, तर काकूंपाशी अक्षतेचा विषय काढू नका. जाताना आपल्या घरातलं एखादं अडकणारं ड्रॉवर मात्र काकांसाठी घेऊन जा.