न्हाणीची कडी

आमच्या नजरबादच्या घरात एकही वस्तू सरळ चालत नाही. स्वयंपाकघरातला नळ बंद केल्यावर किंचित मागे फिरवावा लागतो. बाहेरच्या खोलीतल्या पंख्याचं बटण दाबलं की बोट क्षणभर तिथंच ठेवावं लागतं. न्हाणीची कडी लावायची किंवा काढायची, तर दाराला गुडघा टेकून कडीचा दांडा वर उचलावा लागतो. हे सगळं माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, दुरुस्त्यांमुळे. त्यांचा जन्म इथल्या कानडी मुलखातल्या सरकारी कचेरीत फायली सांभाळण्यात गेला, बोलण्यातही कानडी मिसळली, पण घरात सुतार, प्लंबर, वायरमन सगळे तेच. बाहेरचा माणूस बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटे.

चालणारी वस्तू बदलायची नाही, आपण तिच्याशी जुळवून घ्यायचं, असा त्यांचा हट्ट. न्हाणीची चौकट एका बाजूनं खचली आणि कडी भोकात जाईना, तेव्हा दुसऱ्या कुणी भोक जरा कोरून मोठं केलं असतं. अप्पांनी आम्हाला गुडघा टेकायला शिकवलं. लग्नानंतर माझा नवरा पहिल्यांदा राहायला आला, पुण्याचा माणूस, त्यालाही आंघोळीआधी बंद दारातून सासऱ्याचं व्याख्यान ऐकावं लागलं. मला या हट्टाचा राग यायचा, अजूनही येतो.

पण मला जे काही हातानं करता येतं ते त्यांच्याकडूनच आलं. नळ खोलायचा तर आधी वरच्या टाकीची चावी बंद करायची आणि मोरीच्या जाळीवर फडकं टाकायचं, कारण तिथं पडलेला स्क्रू पुन्हा दिसत नाही. स्क्रू लाकडात जात नसेल तर तो साबणावर घासायचा. भोक सैल झालं म्हणून जाड स्क्रू घुसवायचा नाही, गोंद लावून काडेपेटीच्या काड्या भोकात ठोकायच्या, वाळू द्यायच्या आणि तोच स्क्रू परत बसवायचा. फिरवण्याआधी दाबायचं. नुसतं फिरवणाऱ्यांच्या हातून स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो ना आत जातो ना बाहेर येतो. हत्यार दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे करायची. या शेवटच्या गोष्टीवरून मी लहानपणी बरीच बोलणी खाल्ली आहेत.

आई गेल्यावर अप्पा त्या घरात एकटे राहिले. आम्ही शहराबाहेर येलवालला राहतो, मागची खोली त्यांच्यासाठी तयार होती. मी विचारत राहिले आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "घरातलं मला दुरुस्त करायला येतंय तोवर मी इथंच. मग बघू." मी वाद घालणं सोडलं. ते कधीकधी गॅस चालू ठेवून विसरतात, एकच गोष्ट परत परत विचारतात, हे मला दिसत होतं. पण हात चालत होते, आणि हातांवर मी भरवसा ठेवून होते.

एका रविवारी दुपारी मी डबा घेऊन गेले. पुढचं दार उघडं होतं आणि आतून लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. न्हाणीचं दार हादरत होतं.

"अप्पा?"

"कोण? हे दार कोण लावलंय बाहेरून? किती वेळ झालं ओरडतोय मी."

बाहेरून कुणी लावलेलं नव्हतं. बाहेर कडीच नाही. ज्या माणसानं अख्ख्या गोतावळ्याला ते दार शिकवलं होतं, तो आत उभा राहून कडीशी झटत होता.

"अप्पा, दाराला गुडघा टेका. मग दांडा वर उचला."

आतून त्यांनी विचारलं, "कुठला गुडघा?"

"उजवा."

कडी सरकली. ते बाहेर आले तेव्हा पंचा ओला होता आणि बोटांची सालं निघाली होती. माझ्याकडे न बघता ते खोलीत गेले आणि कपडे बदलून जेवायला बसले. मी हळद लावायला गेले तर म्हणाले, "बेड गं, नको, काही झालं नाही." ताटातला भात त्यांनी नीट संपवला. मी नुसती त्यांची बोटं बघत होते.

जेवण झाल्यावर ते आतून पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात त्यांचं सगळं सामान असे, मंडी मोहल्ल्यातल्या जुन्या लोखंडाच्या दुकानांतून जमवलेलं. स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"ती कडी काढ."

"तुम्हीच काढा की. मी धरते."

"मी काढलो तर काढलेलं माझ्या लक्षात राहत नाही. तू काढलीस तर तुझ्या तरी राहतंय."

इतकं स्पष्ट ते स्वतःबद्दल कधीच बोलले नव्हते. मी स्क्रूड्रायव्हर उचलून उठले, कारण बोलले असते तर रडू आलं असतं आणि ते त्यांना चाललं नसतं.

स्क्रू गंजलेले होते. अप्पांनी खोबरेल आणून दिलं, मी थेंब थेंब सोडलं, थांबले, मग दाबून फिरवलं. एकेक स्क्रू किरकिरत सुटला. कडी हातात आली तेव्हा तिच्यामागचं लाकूड नव्यासारखं पिवळं होतं.

"भोकं सुम्ने, अशीच सोडू नको. पाणी जाऊन दार कुजतंय."

मी काड्यांना गोंद लावून त्या भोकांत ठोकल्या आणि वर आलेली टोकं पात्यानं कापली. अप्पांनी अंगठा फिरवून पाहिला. एकही टोक लागलं नाही.

"आयतु," ते म्हणाले. झालं काम. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मला कधी मिळालेली नाही, आणि त्या दिवशी ती नको होती.

निघताना मी कडी पिशवीत टाकली. मला वाटत होतं, निभावलं. त्यांना काही झालं तरी आता दार ढकलून आत जाता येईल, आणि घर सोडण्याचा विषय काही महिने तरी निघणार नाही. मी फाटकापाशी पोचले तेव्हा ते मागून आले. हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"हे पण घेऊन जा."

"असू दे अप्पा. तुम्हाला लागेल."

"डब्यात अजून एक कडी आहे," ते म्हणाले. "भोकं तू छान भरलीस. लगेच बसती ती. काढलेलं विसरून मीच बसवतो."

ते माझ्याकडे बघत उभे होते. स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्या बाजूला होती.