भारा उतरवणारी गोजाबाई

आमची आजी गोजाबाई एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. जेवतानासुद्धा दोनदा उठायची. जव्हारच्या वाटेवर तर तिच्या पायाला भिंगरीच लागायची. पुढे जाऊन बाप्यांना गाठायची, परत मागे येऊन बायांची तोंडं न्याहाळायची. बाप्ये वैतागायचे. मी असतो तर मीही वैतागलो असतो.

तेव्हा आमच्या वावर गावाहून जव्हार संस्थानच्या पागेसाठी गवताचे भारे जायचे. पहाटे निघालं की पोचायला दुपार. बाप्ये पुढे, बाया मागे. भारा एकदा डोक्यावर चढला की उतरवायला आणि पुन्हा चढवायला रिकाम्या हातांचं माणूस लागतं. लघवीला थांबायचं तर पुढे मोकळ्या हातांनी चालणाऱ्या एखाद्या बाप्याला हाक मारावी लागणार, आणि कशासाठी थांबली हे साऱ्यांना कळणार. म्हणून बायांनी आपली अक्कल चालवली होती: आदल्या संध्याकाळपासून पाणीच प्यायचं नाही, आणि तरी लागलीच तर जव्हारपर्यंत दाबून धरायची. थोरलीने धाकटीला हेच शिकवायचं. मग घरोघरी उन्हाळी लागलेली. लघवी थेंब थेंब, नुसती आग, कमरेत कळ, वर हुडहुडी भरून ताप.

माझ्या आईला, रामीला, त्या साली दोनदा उन्हाळी लागली. त्यानंतरच्या खेपेला मी तिच्या पोटात होतो. दुसऱ्या तापातून ती कशीबशी उठली होती, तिसरा आला तर आम्ही दोघंही हाताला लागणार नाही, हे आजीला दिसत होतं. त्या दिवशी ती भारा न घेताच निघाली. पहिल्या ओहोळाशी तिने रामीचा भारा उतरवला, पोटभर पाणी पाजलं, झुडपाआड पाठवलं आणि भारा पुन्हा चढवून दिला. मग दुसरीचा, तिसरीचा. पुढच्या ओहोळाशी पुन्हा तेच. ऊन चढत होतं आणि बाप्ये पुढे उभे राहून चरफडत होते.

त्यांचा पुढारी काळ्या, आजीचा धाकटा भाऊ, तणतणत मागे आला. भारा घ्यायचा नसेल तर घरी जा म्हणाला, बायांना पाणी पाजत बसलीस तर आज पोचत नाही. त्याची बायको हिरी दोन वर्षांपूर्वी याच वाटेने परतताना तापाने फणफणली होती आणि आठ दिवसांत गेली होती. वाटेवर काहीतरी बाधलं, असं सगळे म्हणाले. आजी तेव्हापासूनच अशी अस्वस्थ झाली होती.

"हिरीला बाहेरचा काय नव्हता, भाऊ," ती म्हणाली. "पानी पिऊ नको, दाबून धर, असा तिला मीच सांगला होता."

काळ्या पुढे निघून गेला. त्यानंतर मरेपर्यंत तो बहिणीशी बोलला नाही. पण दर खेपेला ओहोळ आला की बाप्यांना वळणापलीकडे हाकलायचा, आणि बाया येईपर्यंत भारा डोक्यावर घेऊन तिथेच उभा राहायचा.