रेडिओ खाली, डिश वर

किस्से साठतात कसे, हे मले या टेकडीवर समजलं. गावात राह्यलो असतो तर चार जणांत सांगून मोकळा झालो असतो. इथं ऐकायले कोण? खालून ढाणकीकडं एसटी जाते, तिचा आवाज तेवढा वर येते.

मी टॉवरचा राखणदार. बायको गेल्यावर बोरी अरबचं घर बंद केलं आन् टॉवरखालच्या खोलीत राहायले आलो. खोलीत मायक्रोवेव्हचा रेडिओ, म्हणजे फोनचा सिग्नल पाठवणारी पेटी, वर टॉवरले त्याची डिश, मधात केबल. रेडिओ खोलीत आहे, म्हणून खोलीले राखणदार आहे. यंदा नवा रेडिओ येणार, असं कानावर आलं. तो जर वर डिशपाशीच बसवला तर खोलीले कुलूप, आन् मी परत त्या बंद घरात! त्याचं काय झालं, ते शेवटी सांगतो. तोवर ऐका.

* * *

इथं येणारी माणसं दोनच. एक आमचे इंजिनिअर वानखडे साहेब, दुसरा टॉवरवर चढणारा उमरखेडचा रफिक. मले दोघंही बाबाजी म्हणतात.

एकदा जुनी केबल बदलायची होती. साहेब म्हणे, "अंतर लांब आहे, जाडच घेऊ. पातळ केबलीत सिग्नल वाटेतच मरते."

जाड आली. मनगटाएवढी! भिंतीचं भोक जुन्या केबलीच्या मापाचं. ते फोडून मोठं केलं, केबल आत घेतली, तर बाई रेडिओकडं वळायलेच तयार नाही. जोर लावला का चेपते, आन् चेपली का कामातून गेली. दुपारभर दोघं तिच्याशी झगडले.

शेवटी रफिक घाम पुसत म्हणे, "साहेब, ही काही रेडिओकडं येत नाही. रेडिओलेच हिच्याकडं नेऊ!"

तेव्हापासून रेडिओ खोलीच्या मधोमध आहे आन् माझी खाट दारात.

* * *

मग एकदा रेडिओले जाड केबलीशी जोडणारा छोटा तुकडा खराब झाला. रफिकनं ढाणकीच्या बाजारातून टीव्हीची केबल आणली. दिसायले सारखीच; मधात तांब्याची तार, वर जाळी, वर काळं रबर.

साहेबांनी त्यावरची अक्षरं वाचली आन् कपाळाले हात लावला. "अरे, आपली पन्नास ओहमची, ही पंचाहत्तरची! जोडली तर सिग्नल अर्ध्या वाटेतून माघारी येईन."

"दुकानदार तर म्हणे, चित्र एकदम साफ येते!"

"मग लाव. बाबाजीले सिरीयल पाहू दे!"

लई हसलो आम्ही. ते गेल्यावर मले आठवून पुन्हा हसू आलं. पण एकट्याचं हसणं त्या खोलीत फार मोठं वाटते, म्हणून लवकर थांबलो.

* * *

पावसाळ्यातली गोष्ट. दूरच्या टॉवरशी असलेली लिंक बंद पडली. साहेबांनी रेडिओमागचा जोड खोलला, तर धार लागली! सरळ साहेबांच्या बुटावर.

झालं असं, का वरच्या जोडाले टेप खालून वर गुंडाळा लागते. छपरावर कवेलू रचतो तशी. वरच्याची कड खालच्यावर. रफिकनं घाईत वरून खाली गुंडाळली. प्रत्येक वेढ्यात पाणी शिरलं आन् केबलीच्या आतून खोलीपर्यंत उतरलं.

साहेब लाल झाले. "रफिक, हे काय आहे?"

रफिक शांत. "आमच्या मोहल्ल्यात नळाले थेंब नाही साहेब. इथं बिना मोटरचं येऊन राह्यलं!"

* * *

साहेब मधात मधात फोन करतात. "बाबाजी, लिंक कशी आहे?"

लिंक बिघडली तरच इथं माणसं येतात. मी म्हटलं, "चांगली आहे साहेब."

"चांगली आहे ना? मग मयतीले आल्यावानी काहून बोलून राह्यले?"

* * *

आन् यंदा नवा रेडिओ आलाच. सोबत हातभर केबल.

साहेब म्हणे, "बाबाजी, हा खालीही चालते. जुनी जाड केबल अजून चांगली आहे. पण वर डिशच्या पाठीशी बसवला तर एवढ्याशा केबलीत काम होते. वाटेत काहीच वाया जात नाही."

मी म्हटलं, "मग वरच बसवा."

माझी भांडी मी सकाळीच पोत्यात भरून दाराशी ठेवली होती. चहा तेवढा बाहेर चुलीवर मांडला. रफिकनं उभ्या उभ्या चहा घेतला, पोत्याकडं पाह्यलं, कप धुऊन पालथा ठेवला. कमरेले पट्टा बांधला आन् चढला. दोरीनं रेडिओ वर ओढून घेतला. लई वेळ वर पाना फिरत राह्यला.

मग वरून ओरडला, "साहेब, केबल छोटी पडते!"

"छोटी कशी पडन? मी मापून घेतली!"

"छोटीच पडते साहेब! रेडिओ खालीच ठेवा लागते!"

माझे डोळे जवळचं धरत नाहीत, पण लांबचं अजून चांगलं दिसते. रेडिओ डिशले जोडलेला होता, आन् उरलेली केबल रफिकच्या गुडघ्यावर लोंबत होती.

साहेबांनी कपाळावर हात धरून वर पाह्यलं. मग पोत्याकडं पाह्यलं. मग पुन्हा वर.

"हो रे रफिक!" साहेब ओरडले. "मलेही इथून छोटीच दिसून राह्यली. आण खाली!"