कमान नको, बालवाडी

आमच्या पाड्यावरच्या बायका दिवस उगवायच्या आत टेम्पोत बसून कैनाडच्या बाजूला चिकूच्या वाड्यांत कामाला जातात. मागं राहतात ती लहान पोरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणी. तलासरीकडच्या माझ्या माहेरी मीही अशीच होते. भावाला कडेवर घेऊन शाळेच्या दारात उभी राहायची. तो रडला की गुरुजी म्हणायचे, त्याला घरी ठेवून ये. घरी ठेवायचं कुणाजवळ, ते मात्र सांगायचे नाहीत. तशीच रखडत दहावी झाले.

लग्न होऊन इकडं आले त्यानंतर एका संस्थेनं पाड्यावर बालवाडी काढली. दहावी झालेली सून मी एकटीच, म्हणून मलाच बाई केलं. बालवाडी आमच्या पडवीत भरायची. सरकारी अंगणवाडी होती, पण ओहोळाच्या पलीकडच्या पाड्यावर. पावसाळ्यात ओहोळ भरला की तिकडं पोरं पाठवायची कुणाची छाती व्हायची नाही.

पोरं घरी वारली बोली बोलतात आणि शाळेतलं पुस्तक मराठीत. म्हणून मी आधी त्यांच्या बोलीत गोष्ट सांगायची, मग तीच मराठीत. चिंचोके मांडायचे, मातीचे बैल करायचे, दुपारी खिचडी खाऊन सगळी एका ओळीत झोपायची. पहिलीत गेलेली आमची पोरं वर्गात बोलतात, असं शाळेतल्या बाई एकदा मुद्दाम येऊन सांगून गेल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

एका उन्हाळ्यात संस्थेच्या मॅडम आल्या. मदत देणारी मुंबईची कंपनी आता दुसऱ्या जिल्ह्यात काम करणार होती, आपल्याकडची मदत बंद होणार होती. खेळणी आणि चटया तुमच्याकडेच ठेवा म्हणाल्या. त्यांच्यापुढचा चहा तसाच राहिला.

शाळा सुरू झाली त्या दिवशी सकाळी मी घरातच होते. दुसरीतली एक मुलगी दारात आली. पाठीवर दप्तर, कडेवर धाकटा भाऊ.

"बाई, आज उघडणार नाही का?"

मी तिच्या कडेवरचा पोरगा घेतला आणि ती शाळेकडं पळाली. मग बाकीचीही आली. बालवाडी बंद पडलीच नाही, ती अशी.

पण मानधन थांबलं होतं आणि पोरं सोडून मला वाडीत कामालाही जाता येईना. एकदा जेवताना नवऱ्यानं विचारलं, असं किती दिवस चालवणार? आया तांदूळ आणून द्यायच्या, आळीपाळीनं एकेक जण मदतीला थांबायची. पण थांबली की तिचा रोज बुडायचा. दिवाळीपर्यंत सगळ्याच ओढगस्तीला आल्या.

सासूबाई ग्रामसभेला जायच्या, अंगठा लावून यायच्या. त्यांनीच सांगितलं की आदिवासी गावांना पेसा कायद्याचा निधी येतो आणि तो कशावर घालायचा ते ग्रामसभेत ठरतं. म्हणाल्या, "तिथं जाऊन बसू. न मागता कोण देणार?"

पहिल्या सभेत आम्ही चार-पाच जणी मागं बसलो. गावाच्या तोंडाशी मोठी कमान बांधायचा विषय निघाला. मी उठून बालवाडीचं बोलले. ग्रामसेवक म्हणाले, लहान मुलांचं काम दुसऱ्या खात्याचं, ते यात बसत नाही. एवढ्यावर तो विषय संपला. माणसंही पुरेशी नव्हती म्हणून सभा तहकूब झाली. कमानीचंही राहून गेलं, ते आमचं नशीब.

त्या आठवड्यात मी डहाणूला पंचायत समितीच्या ऑफिसात गेले. बराच वेळ बाकावर बसवलं. शेवटी एका साहेबांनी ऐकून घेतलं. गावानं ठराव केला तर मुलांच्या शिक्षणावर हा निधी घालता येतो, असं ते म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पुढच्या सभेच्या दिवशी टेम्पो आमच्या पाड्यावरून रिकामा गेला. सगळ्या आया पोरं घेऊन पंचायतीच्या अंगणात बसल्या. मी उभी राहून साहेबांचं म्हणणं सांगितलं. या वेळी ग्रामसेवकांनी नाही म्हटलं नाही. पण एक सदस्य म्हणाले, शेजारच्या गावांना कमानी झाल्या, आपल्या गावालाही शोभा नको का? तेव्हा त्या दुसरीतल्या मुलीची आई उठली. ती कधी चारचौघांत बोललेली मी पाहिली नव्हती.

"कमान आमची पोरं सांभाळील का?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत उभीच राहिली.

कुणी हसलं नाही. सरपंचांनी हात वर करायला सांगितले. आधी बायकांचे झाले, मग पुरुषांचेही होऊ लागले. माझा नवरा कडेला उभा होता. त्याचाही हात वर होता.

निधी हातात यायला पुढचा पावसाळा उलटला. संस्थेपेक्षा मानधन कमी आहे, पण पत्र्याची एक खोली झाली आणि खिचडीची सोय झाली. ठराव मात्र दर वर्षी नव्यानं करून घ्यावा लागतो. एका वर्षी पाण्याच्या टाकीचा विषय आला, तेव्हा पुन्हा भांडावं लागलं. टाकीही हवीच होती, म्हणून ते भांडण जास्त अवघड गेलं. शेवटी दोन्हींत विभागून घेतलं आणि मी अर्ध्या मानधनावर वर्ष काढलं.

आमच्याच पाड्यावर सरकारी अंगणवाडी व्हावी, म्हणून आम्ही डहाणूच्या ऑफिसात अर्ज दिलाय. बाजाराला गेले की मी तिथं डोकावून विचारते. आता तिथला शिपाई मला बघितल्यावर स्वतःच सांगतो, अजून नाही. मंजूर झाली तर बाई बारावी पास लागेल. म्हणून बाहेरून परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून मी बारावीला बसले. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. पोरं दुपारी झोपली की पुस्तक उघडते. यंदा पुन्हा बसणार आहे.