दोन दारांची गाडी

तायडेसाहेब कुणाच्याही गाडीत बसताना आधी दार पूर्ण उघडायचा प्रयत्न करायचे. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत दोन गाड्यांच्या मधे जेमतेम वीतभर जागा. दार अर्ध्यातच शेजारच्या गाडीला टेकायचं. मग हे उंचपुरे गृहस्थ पोट आत ओढून, एक पाय आधी टाकून, कसेबसे आत शिरायचे. तोंडाने पुटपुटणं चालूच असायचं, "हे काय दार हाये का बाप्पा? हे त फडताळाचं झाकण हाये!"

एरवी ते अगदी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत, पण चिडले की आतला अकोला जिल्हा बाहेर यायचा. चिडलेले नसण्याचे प्रसंग कमीच, त्यामुळे माझ्या वाट्याला त्यांची वऱ्हाडीच जास्त आली. स्वतःच्या छोट्या गाडीवर चिडायचे, रस्त्यातल्या खड्ड्यांवर चिडायचे, फुटपाथवरून येणाऱ्या दुचाक्यांवर चिडायचे. स्वारगेटच्या चौकात अडकून घरी आले की जिन्यातूनच ऐकू यायचं, "पुण्यात माणसानं गाडी काऊन घ्यावी? घरीच खुर्चीत बसावं आन् हॉर्न वाजवावा!"

ते आणि कुसुमताई माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा मी नुकतीच कॉलेजातून निवृत्त झाले होते. त्याआधी बरीच वर्षं दोघं अमेरिकेत होते. साहेब गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, तर कुसुमताई एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मूलबाळ नव्हतं. नव्वदच्या दशकात तिथे त्यांनी एकामागून एक दोन कूपे बाळगल्या. पहिली वाइनसारख्या गडद लाल रंगाची, जुनी घेतलेली. दुसरी मोत्यासारखी पांढरी, कोरी करकरीत. कूपे म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत, हातातला चहा निवेपर्यंत समजावलं होतं. लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडरचं इंजिन, चामड्याच्या सोफ्यासारख्या सीटा, दोनच दारं पण एकेक पलंगाएवढं, आणि मागे जागा केवळ नावापुरती.

"मग एवढ्या मोठ्या गाडीत माणसं बसायची किती?" मी विचारलं.

"दोन," ते म्हणाले. "मॅडम, चार दारांची गाडी म्हणजे संसार. दोन दारांची गाडी म्हणजे आपण."

अकोल्याला आई अंथरुणाला खिळली म्हणून ते परत आले. पांढरी गाडी तिथेच विकली. आई गेल्यावर पुण्यात नोकरी धरली, घर घेतलं, आणि मग उरलेलं सगळं आयुष्य त्या गाडीशी तुलना करण्यात घालवलं. सोसायटीत कुणी नवीन गाडी आणली, पेढे वाटले, की तायडेसाहेब पेढा तोंडात टाकून गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि म्हणायचे, "चांगली आहे. लहान मुलांना आवडेल." आमचे सेक्रेटरी एकदा वैतागून म्हणाले, "तायडे, वर्गणी काढून तुम्हाला अमेरिकेचं परतीचं तिकीट काढून देऊ का? आपण सगळे सुटू."

मलाही कंटाळा यायचा, खरं सांगते. निवृत्तीनंतर समोरच्या घरातून रोज अमेरिकेतला हमरस्ता ऐकायची हौस कुणाला असणार? एका दुपारी मी सरळ विचारलं, "अहो, लोखंडच ना ते? एवढं काय होतं त्या गाडीत?"

ते चिडले नाहीत, याचंच मला आश्चर्य वाटलं. म्हणाले, "पेट्रोल भरायला थांबलो की कुणीतरी म्हातारा यायचा. गाडीला चक्कर मारायचा. किती चालली विचारायचा, कशी पळते विचारायचा. सुंदर आहे म्हणायचा आणि जायचा. त्या गाडीतून उतरलो की लोक गाडीबद्दल विचारायचे, मॅडम. इथे कशातूनही उतरलो की आधी आडनाव विचारतात. मग मूळचे कुठले. मग तिसरा प्रश्न विचारतच नाहीत, कारण दुसऱ्यातच त्यांचं काम झालेलं असतं."

परत आल्यावर पुण्यात भाड्याचं घर शोधताना काय काय झालं, ते कुसुमताईंनी मला नंतर सांगितलं. घर पसंत, भाडं कबूल, आणि नाव सांगितलं की "आम्ही घरात विचारून कळवतो." कुणी कधी 'नाही' म्हणालं नाही. कळवलंही नाही. शेवटी त्यांनी नव्या इमारतीत विकतच घर घेतलं, तिथे बिल्डरला आडनावाशी कर्तव्य नव्हतं. दारासमोर राहायला आले तेव्हा त्यांच्या बैठकीतली बुद्धाची मूर्ती आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाने येता-जाता पाहून घेतली होती, तेही कुसुमताईंच्या लक्षात आलं होतं म्हणे.

तीन-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. साहेबांना कुठल्याशा मोबाइलवरच्या गटात एक फोटो दिसला. हडपसरला एका बंद वर्कशॉपच्या शेडमध्ये त्यांच्याचसारखी पांढरी कूपे उभी होती. तीच कंपनी, तेच मॉडेल. एक परदेशी अधिकारी मायदेशी जाताना विकून गेलेला, मग वर्कशॉपच्या मालकांनी थोडे दिवस हौसेने फिरवलेली, आणि त्यानंतर धूळ खात पडलेली. आता मालकांचा मुलगा दत्ताभाऊ ती काढून टाकणार होता. फोनवर बोलणं छान झालं. "साहेब, तुमच्यासारखा दर्दी भेटला, गाडीचं नशीब," असं तो म्हणाला. त्याने किंमत सांगितली, साहेबांनी घासाघीस न करता मान्य केली.

रविवारी आम्ही तिघं गेलो. वाटेभर साहेब एकदाही चिडले नाहीत. शेडचं शटर वर गेलं तशी आतली गाडी दिसली. टायर बसलेले, काचांवर धुळीचा थर, पण आकार मात्र खरोखर राजस होता, हे मला कबूल करावं लागलं. साहेबांनी दार उघडलं. इथे जागा भरपूर होती. ते पूर्ण उघडलं, अगदी शेवटपर्यंत, आणि ते तसेच दाराला धरून उभे राहिले. मग डाव्या बाजूच्या स्टिअरिंगमागे बसले. कुसुमताई दुसऱ्या बाजूने जाऊन शेजारी बसल्या. कुसुमताईंनी समोरचा कप्पा न बघताच, सवयीने हात घालून उघडला, तेव्हा साहेबांना हसू आलं. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

दत्ताभाऊने चहा मागवला. शेडच्या तोंडाशी खुर्चीत त्याचे वडील बसले होते. थकलेले, पण नजर तीक्ष्ण. साहेब हात पुसत बाहेर आले, तेव्हा म्हाताऱ्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हनले तुमचं?"

"तायडे."

"कुठलं म्हनायचं तुमी?"

"अकोला जिल्हा."

"आसं हाय व्हय," म्हातारे म्हणाले आणि रस्त्याकडे बघू लागले.

दत्ताभाऊ आम्हाला सोडायला आला. "दोन-चार दिवसांत फोन करतो. कागद शोधायला लागतील," म्हणाला.

फोन आला नाही. साहेबांनी केला. "वडिलांची तब्येत बरी नाही." पुन्हा केला. "भाऊ गावाला गेलाय, त्याला विचारतो." मग "बघू", मग "पुढच्या आठवड्यात". एकदा मीही फोन केला. माझ्याशी तो फारच अदबीने बोलला. "मॅडम, घरात जरा विचारतो, मग कळवतो." मी ते शब्द जसेच्या तसे साहेबांना सांगितले, आणि त्यांचा चेहरा बघून वाटलं की निदान शब्द तरी बदलून सांगायला हवे होते.

सोसायटीत ही गोष्ट पसरलीच. सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये त्यांना गाठून समजावलं, "अहो तायडे, बापलेकांचं पटत नसेल. कागद हरवले असतील. प्रत्येक ठिकाणी तुम्हाला तेच कसं दिसतं?"

"तेच तर मले समजून नाही राहिलं!" साहेब एवढ्या मोठ्याने ओरडले की वॉचमन उठून उभा राहिला. "कागद हरवले असतील बी. पटत नसंल बी. एखाद्यानं तोंडावर नाही म्हटलं त मी भांडीन, नाहीतर घरी जाईन. हे 'बघू' म्हणतात! या 'बघू'शी कसं भांडावं जी माणसानं?"

त्यानंतर त्यांचं चिडणं बदललं. रस्त्यांवर, खड्ड्यांवर बोलेनासे झाले. स्वतःशीच वाद घालायचे. सकाळी माझ्याकडे पेपर न्यायला आले की म्हणायचे, "रविवारी मी जरा जास्तच वेळ गाडीत बसलो का? म्हाताऱ्यांना नमस्कार करायला हवा होता. तो राहिला." दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "नाही, तसं काही नसणार. माझंच डोकं फिरलंय. वयाने माणूस संशयी होतो." तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. ऐकून मी थकायचे. कुसुमताई म्हणायच्या, "एकदा स्पष्ट विचारा त्याला." ते मान हलवायचे. "आणि खरंच तसं नसलं तर? तो म्हणेल, आम्ही कधी मनात आणलं नाही, तुम्हीच आणता. मग मी तोंड कुठे लपवू?"

गेल्या पावसाळ्यात साहेब गेले. सकाळी छातीत कळ आली, आणि ॲम्ब्युलन्स आमच्या गल्लीत शिरेपर्यंत सगळं संपलं होतं. दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, समोरून टेम्पो. मी खाली उभी राहून हॉर्न ऐकत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी मी कुसुमताईंकडे बसले होते. फोन वाजला. त्यांनी तो समोर ठेवून स्पीकरवर घेतला. दत्ताभाऊ होता.

"साहेब आहेत का? शेड पाडायची आहे आता. म्हटलं, साहेबांची फार इच्छा होती, तर गाडी घेऊन जावी. पैसे नकोत."

कुसुमताईंनी साहेब गेल्याचं सांगितलं. तो हळहळला, मनापासून हळहळला असावा. मग म्हणाला, "तर मग ताई, तुम्ही..."

"तेव्हा का नाही दिली?" कुसुमताईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"तेव्हा घरात जरा जमलं नाही."

"काय जमलं नाही, ते सांगा. मग गाडीचं बघू."

फोन बंद झाला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला, तोच नंबर.

"बोला," कुसुमताई म्हणाल्या.

"ताई, खोटं कशाला बोलू. वडील तेव्हा होते. ते म्हणाले, मी बसलोय त्या गाडीत, ती आता त्यांच्याकडे द्यायची नाही. मी पुष्कळ सांगितलं त्यांना. पण त्यांच्यापुढे माझं चालत नव्हतं. आता ते गेले. म्हणून..."

"बरं झालं सांगितलंत," कुसुमताई म्हणाल्या.

"मग गाडी पाठवू का?"

"नको. भंगारात द्या."

त्यांनी फोन ठेवला. मी त्यांचा हात धरला. दत्ताभाऊचा राग यावा की त्याने पुन्हा फोन केला याचं बरं वाटावं, ते मला कळेना.

"हे तर होणारच होतं, मॅडम," कुसुमताई म्हणाल्या. "याचं मला काही नाही. पण यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की चूक आपल्याच मनाची आहे. जायच्या आदल्या दिवशीही मला म्हणाले, कुसुम, मी त्या माणसांबद्दल उगाच वाईट विचार केला."

आणि मग त्या, साहेब गेले त्या दिवशीही रडल्या नव्हत्या इतक्या, रडल्या.