वरधाव्याचा फेटा

तुमच्या घरचं शेवटचं लग्न आठवा. वऱ्हाड निघालं तेव्हा सगळ्यांत पुढच्या गाडीचं स्टेअरिंग कोणाच्या हातात होतं, हे तुम्ही विचारलं होतं का? बँडवाले वेळेवर येतात का, बुंदी पुरेल का, रुसलेल्या मामाला पुढच्या सीटवर बसवलं का, हे सगळं विचारलं असेल. हे विचारलं नसेल. कोणीच विचारत नाही.

हा प्रश्न मला ज्या प्रकरणाने शिकवला, ते इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेच विसरलो. मोटार अपघाताची ही साधी केस आठवली की मात्र अजून कानशिलं तापतात.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी शिरूर भागात फौजदार होतो. लग्नसराई जोरात होती. एके दिवशी सकाळी ठाण्यात खबर आली की न्हावऱ्याच्या पुढे, कालव्याच्या मोरीजवळ, वऱ्हाडाची जीप उलटली आणि एक म्हातारा जागीच अडकला आहे. आम्ही पोहोचलो तोवर मागून आलेल्या टेम्पोतल्या लोकांनी त्याला बाहेर काढून दवाखान्यात हलवलं होतं. तो वाटेतच गेला. मयत म्हणजे नवरदेवाचा थोरला चुलता. सगळं गाव त्याला आबा म्हणायचं.

नवरदेवाकडची मंडळी शिरूर तालुक्यातली. वाडवडील मेंढरं घेऊन फिरले, ही पिढी ऊस-कांद्यात स्थिरावली. नवरी भीमेपलीकडच्या दौंड तालुक्यातल्या एका गावची. उलटलेली जीप नवरदेवाचा धाकटा भाऊ चालवत होता. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. मागे बसलेल्या बायकांपैकी दोघींचे हात मोडले होते. आणि आबा कुठे बसले होते? ड्रायव्हरच्या उजव्या हाताला. आपल्याकडे जीप भरताना ड्रायव्हरच्या उजवीकडेही एक माणूस बसवतात, अर्धा सीटवर आणि अर्धा बाहेर. सर्रास बसवतात. जीप उजव्या कुशीवर पडली आणि सगळ्यांत खाली आबा आले.

फिर्याद ठरल्यासारखी होती. समोरून अज्ञात ट्रक भरधाव आला, त्याने हुलकावणी दिली, जीप चारीत गेली, ट्रक न थांबता पळून गेला. भारतीय दंड विधान कलम २७९ आणि ३०४ अ, आरोपी अज्ञात ट्रकचालक. तीन साक्षीदारांनी ट्रक पाहिला होता. एकाचा ट्रक लाल होता, दुसऱ्याचा पिवळा, आणि तिसऱ्याच्या जबाबात तो टँकर झाला होता.

पंचनामा करताना मला एक गोष्ट खटकली. समोरून ट्रक अंगावर आला तर माणूस गाडी डावीकडे घेतो. ही जीप रस्त्याच्या उजव्या चारीत पडली होती. मी विचारलं, तर उत्तर तयार होतं, "साहेब, ट्रकच राँग साइडला आल्ता." शंका होती, पुरावा नव्हता. आम्ही रस्त्यावरचे ढाबे तपासले, गॅरेजवाल्यांना विचारलं, नाक्यावरच्या माणसांना सांगून ठेवलं. ट्रक सापडत नव्हता.

लग्न त्याच संध्याकाळी उरकलं. मांडव पडला होता, हळद लागली होती. चार लोकांत अक्षता टाकल्या आणि नवरीला नेलं. आबांचं दहावं-तेरावं होईस्तोवर ती सासरी राहिली. मग सासूने तिला बापाच्या हाती दिलं. "हिचं पाऊल उंबऱ्याला लागायच्या आधीच आमचा आबा गेला. पांढऱ्या पायाची हाय ही. न्या तुमच्याकडं." नवरदेव ओट्यावर बसून होता.

हे मला तिच्या बापाने सांगितलं. त्याला मी आप्पा म्हणायचो. शिरूरच्या बाजाराच्या दिवशी तो दौंडकडून एस.टी.ने यायचा, टोपी काढून ठाण्याच्या बाकावर बसायचा आणि एकच विचारायचा.

"साहेब, ट्रक घावला का?"

"नाही आप्पा. शोधतोय."

"शोधा. तो घावला म्हंजी लोकास्नी सांगता येईल, दोष ट्रकवाल्याचा हाय, माझ्या पोरीचा न्हाई."

त्या माणसाने सगळी आशा त्या ट्रकवर ठेवली होती. आमचे हवालदार जुने, तोंडाने फटकळ. तेसुद्धा आप्पा आला की आधी त्याच्यासाठी चहा सांगायचे.

अशाच एका बाजारच्या दिवशी चहा पिता पिता आप्पा लग्नाची तयारी कशी केली होती ते सांगत बसला. ऐकणारं कोणी मिळालं की दुःखी माणूस असं मागचं उकरत बसतो. तो म्हणाला, "फेटासुद्धा मी स्वतः दौंडातनं आणला व्हता, साहेब. वरधाव्याचा."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वऱ्हाड नवरीच्या गावाजवळ आलं की नवरदेवाकडचा एक जण पुढे दौडत जातो आणि मारुतीच्या देवळापाशी वर्दी देतो. तो वरधावा. या मानासाठी चढाओढ असते; जो पहिला पोहोचेल त्याला नवरीकडचे मानाचा फेटा बांधतात. पूर्वी हे घोड्यावर चालायचं. घोडं दमतं, बुजतं, पुढे खड्डा दिसला तर मालकाला न जुमानता थांबतं. जीप थांबत नाही.

"मग त्या दिवशी फेटा कोणाला बांधला?" मी विचारलं.

"नवरदेवाच्या मामेभावाला. त्यो दुसरी जीप घिऊन म्होरं आल्ता. लई खुशीत व्हता. म्हनला, कालव्यापाशीच धाकट्याची हवा काढली, आता येतील मागनं रडत-रडत."

मी कप खाली ठेवला. "आप्पा, हे तो फेटा बांधायच्या आधी म्हणाला की नंतर?"

"बांधतानाच की. अपघाताचं तर तवा आमाला ठावंच न्हवतं."

आप्पाला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. मला कळलं. रस्त्यावर दोन जीप होत्या आणि त्या एकमेकींशी झुंजत होत्या. सगळ्या फिर्यादीत या दुसऱ्या जीपचा उल्लेखच नव्हता.

मामेभावाला चौकशीसाठी बोलावलं. डोळ्यांवर गॉगल, बोटात किल्ली गरगरतेय. हवालदार म्हणाले, "काय रे, गाडी बाहेर लावलीस का आतच आणतोस?" तो हसला. त्याला वाटलं, ट्रकबद्दल दोन प्रश्न विचारतील आणि सोडतील.

नोकरीत मी एक शिकलो होतो. माणूस पाप लपवतो, पण फुशारकी त्याला लपवता येत नाही. म्हणून अपघाताचं नावही काढलं नाही. म्हटलं, "तुझ्या ड्रायव्हिंगचं फार नाव ऐकलंय. धाकटा जास्त चांगली चालवतो की तू?"

"त्यो?" तो खुर्चीत पुढे सरकला. "त्याला काय येतंय साहेब? गिअर टाकायला मागं-म्होरं बघतंय. न्हावऱ्यापासनं माझ्या मागं लागल्तं. मी जागाच दिली न्हाई."

"मग मोरीपाशी?"

"मोरी अरुंद हाय. दोन गाड्या बसत न्हाईत. ते उजवीकडनं घुसाय लागलं, मी बी दाबली. जो आधी घुसंल त्याची मोरी. मी घुसलो."

"आणि ट्रक कुठे होता?"

किल्ली थांबली. ठाणे अंमलदाराने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"आरशात काय दिसलं?" मी विचारलं.

"धुरळा."

"थांबला का नाहीस?"

"मला वाटलं, चारीत उतरलं आसंल. थांबलो आसतो तर त्यानं गाडी काढून म्होरं दामटली आसती. फेटा त्याला गेला आसता."

हे वाक्य मी जबाबात जसंच्या तसं लिहून घेतलं. आबा त्या वेळी जिवंत होते. मागचा टेम्पो येईपर्यंत जवळपास अर्धा तास ते जीपखाली होते. आणि त्याच वेळात पलीकडच्या गावात याच्या डोक्याला फेटा बांधला जात होता, हलगी वाजत होती.

धाकट्याला बोलावलं तेव्हा तो खुर्चीवर बसलाच नाही. भिंतीला टेकून रडला. त्याने जे सांगितलं ते ऐकून मला त्या घराचा खोटेपणा पुरता समजला. मागच्या बायका ओरडत होत्या, "हळू चालीव रं मुडद्या, लेकरं हायेत गाडीत!" हा वेग कमी करायला लागला होता. तेवढ्यात उजवीकडे लटकलेले आबा म्हणाले होते, "बायकांचं ऐकून गाडी चालीवत्यात व्हय रं? दाब! मान आपल्याच घरात ऱ्हायला पायजे."

मेलेल्या माणसाचं नाव खराब होऊ नये, दोन पोरं आत जाऊ नयेत, म्हणून एक ट्रक निर्माण केला गेला. तो निर्माण करणारी नवरदेवाची आई, हेही धाकट्यानेच सांगितलं. एक आरोपी तिचा मुलगा, दुसरा तिच्या भावाचा मुलगा. पण ट्रकाला सासरी नांदवता येत नाही आणि माहेरीही हाकलता येत नाही. घराला शिव्या घालायला समोर कोणीतरी लागतं. म्हणून सुनेचे पाय पांढरे झाले.

मी दोघांनाही आरोपी केलं. फेटा पंचनामा करून जप्त केला. हवालदार म्हणाले, "साहेब, अपघाताच्या केसमध्ये मुद्देमाल फेटा?" मी म्हटलं, "हत्यार आहे ते. लावा लेबल."

मग आप्पाला आणि त्याच्या मुलीला घेऊन मी स्वतः नवरदेवाच्या गावी गेलो. कायद्याने ते माझं काम नव्हतं. पण आप्पा ज्या एका वाक्यासाठी इतके दिवस बाकावर बसला होता, ते चारचौघांत बोललं जावं असं मला वाटलं. ओट्यावर पंच बसले, शेजारपाजारचे जमले. मी स्पष्ट सांगितलं, की ट्रक नव्हता. तुमच्या दोन पोरांनी शर्यत लावली, तुमच्या म्हाताऱ्याने त्यांना चढवलं, आणि हिचा यात तिळभर संबंध नाही.

आप्पाचा चेहरा उजळला. त्याने टोपी घातली. त्याला वाटलं, झालं.

सासू पदर सावरून म्हणाली, "आसंल. पोरांचं चुकलं आसंल. पण हिचं लगीन नसतं, तर शर्यत तरी लागली आसती का?"

आणि जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. पुरुषांनी डोलावल्या, बायकांनीही डोलावल्या. आप्पाने पुन्हा टोपी काढली. मी आयुष्यात इतका हतबल कधी झालो नव्हतो. गुन्हा उघडकीला आणता येतो. असल्या डोक्यांवर कोणतं कलम लावायचं?

तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा बोलली. वीस वर्षांचीही नसेल. आवाज चढवला नाही.

"साहेब, मला इथं नांदायचं न्हाई. पण एवढं लिवून घ्या. गाडी मी चालवत न्हवते."

ती घटनास्थळी नव्हती. तिच्या जबाबाला पुरावा म्हणून काही किंमत नव्हती. तरी मी तिथेच ओट्यावर बसून लिहून घेतला, वाचून दाखवला, तिची सही घेतली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना तोंड कडू होतं. खटला उभा राहिला. जीपमधल्या बायका, ज्यांनी घसा फोडून 'हळू' म्हटलं होतं, ज्यांचे हात मोडले होते, त्या साक्षीला येऊन म्हणाल्या, "आमाला काय बी आठवत न्हाई." त्यांना त्याच घरात राहायचं होतं. देवळापाशी ती फुशारकी ऐकलेले लोकही फितूर झाले. एकटा आप्पा आपल्या शब्दावर ठाम राहिला. ठाण्यातला जबाब आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही. दोघे निर्दोष सुटले.

निकालानंतर मुद्देमाल परत न्यायला मामेभाऊ ठाण्यात आला. मी सही घेऊन फेटा त्याच्या हातात दिला. त्याने झटकला, नीट घडी घातली.

"ठेवून काय करणार आता?" मी विचारलं.

"मानाचा हाय, साहेब," तो म्हणाला. बाहेर जीप उभी होती. जाताना त्याने हॉर्न वाजवला.

ती मुलगी पुन्हा सासरी गेली नाही. तिच्या स्वतःच्या गावातही पुढे कितीतरी वर्षं तिला कोणी हळदीला बोलावलं नाही, असं मला आप्पाकडूनच कळलं. ज्यांनी माणूस मारला ते पुढच्या लग्नसराईत पुन्हा वऱ्हाडाच्या पुढे होते.

त्या केसने मला एवढंच शिकवलं की रस्त्यावरचा माज स्टेअरिंगवर सुरू होत नाही. तो घरात सुरू होतो. जोरात गाडी हाणणाऱ्या पोराचं आपण कौतुक करतो, हळू चालवणाऱ्याला बायल्या म्हणतो, मागच्या सीटवरून 'हळू' म्हणणाऱ्या बाईला गप्प करतो. आणि माणूस मेला की नशिबाला, ट्रकाला, नाहीतर एखाद्या पोरीच्या पायांना धरतो.

म्हणून मागणं आहे. तुमच्या घरच्या पुढच्या लग्नात वऱ्हाड निघायच्या आधी पहिल्या गाडीच्या समोर जाऊन उभे राहा. चालवणारा कोण ते बघा. तो शर्यतीची भाषा करत असेल तर किल्ली काढून घ्या, मग तो सख्खा भाऊ असला तरी. त्याच्या उजवीकडे कोणी बसला असेल तर त्याला खाली उतरवा, मग तो घरातला सगळ्यांत मोठा असला तरी. मागून बाई 'हळू' म्हणाली तर ते ऐकलं जाईल, एवढं बघा. आणि एवढं करूनही काही घडलं, आणि कोणी एखाद्या नव्या सुनेच्या पायांकडे बोट दाखवलं, तर भर ओट्यावर उभं राहून मोठ्याने म्हणा, "गाडी ती चालवत नव्हती."

त्या दिवशी ते तिला एकटीला म्हणावं लागलं होतं.